पुतळ्यापाशी भेटू

स्मरणिका समितीतल्या मित्राचा फोन आला आणि त्याने शाळेची एखादी आठवण लिहून पाठव म्हणून सांगितले. आठवणी पुष्कळ आहेत, पण त्या संमेलनाच्या रात्री जेवणानंतर निघतीलच, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आपल्या वर्गात बरेच आहेत. मी ठरवले की, ज्या माणसाला आपण रोज पाहिले आणि ज्याची कधी चौकशी केली नाही, त्याच्याबद्दल लिहायचे.

फाटकातून आत आले की समोर त्यांचा पुतळा होता. अंगात लांब झगा, दोन्ही बाजूंना दोन मुले, एकाच्या खांद्यावर हात. सायकली काढताना, मॅचला निघताना, निकालाच्या दिवशी आपले ठरलेले असायचे, पुतळ्यापाशी भेटू. दहा वर्षे आपण तिथे भेटलो. 31 जानेवारीला त्यांच्या नावाने सुट्टीसारखा दिवस असायचा, खेळ व्हायचे, खाऊ मिळायचा. आमचे ज्ञान तेवढेच. डॉन बॉस्को हे नाव ऐकून घराजवळची मुले आम्हाला चिडवायची की तुमच्या शाळेचा मालक डॉन आहे. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी आदराने डॉन लावतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

ते कळण्याचे कारण फारसे अभिमानाचे नाही. आपल्यापैकी काहींना माहीत आहे की मी दहावीनंतर टेक्निकलला गेलो, नोकरी केली आणि मग औद्योगिक वसाहतीत छोटे वर्कशॉप टाकले. तिथे एक मुलगा शिकायला ठेवला होता. सोळा-सतरा वर्षांचा, गावाकडचा, हातात कला असलेला. एका संध्याकाळी द्यायच्या जॉबमध्ये त्याच्या हातून टॅप तुटला. दिवसभराची मेहनत वाया. मी सगळ्यांसमोर त्याच्या कानशिलात लगावली. तो काही बोलला नाही. कानस जागेवर ठेवली, हात पुसले आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही नाही. राहिलेला पगार घेऊन मी त्याच्या खोलीवर गेलो, तर खोली रिकामी होती.

त्याच सुमारास शाळेतल्या एका वयोवृद्ध फादरांना भेटायला गेलो होतो. बोलता बोलता ही गोष्ट निघाली. त्यांनी उपदेश केला नाही. कपाटातून डॉन बॉस्कोंच्या चरित्राचे एक जुने पुस्तक काढून दिले. मी ख्रिस्ती नाही, आणि ते पुस्तक मी धर्मासाठी वाचले नाही. ते एका शिकाऊ मुलाचे आणि पुढे अनेक शिकाऊ मुलांच्या पाठीराख्याचे चरित्र म्हणून वाचले. त्यातले जे मनात राहिले ते इथे सांगतो.

उत्तर इटलीत पिएमाँत नावाचा प्रांत आहे. तिथल्या कास्तेलनुओव्हो गावाजवळच्या बेक्की या वाडीत 16 ऑगस्ट 1815 रोजी जोव्हानी बॉस्कोचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील न्यूमोनियाने गेले. त्यातच दुष्काळ. घरात अंथरुणाला खिळलेली आजी, वडिलांच्या पहिल्या लग्नाचा मुलगा आंतोनियो, सख्खा भाऊ ज्युसेप्पे आणि हा धाकटा. आई मार्गेरिताला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिने सगळे घर एकटीने ओढले आणि मुलांना कामाची सवय लावली.

नऊ वर्षांचा असताना जोव्हानीला एक स्वप्न पडले. घराजवळच्या मैदानात खूप मुले खेळत होती, काही शिव्या देत होती. त्यांना गप्प करायला हा धावत गेला आणि मुठी आवळून मारू लागला. तेवढ्यात एक तेजस्वी पुरुष पुढे आला आणि त्याने सांगितले की ही मुले मारून तुझी होणार नाहीत, मायेनेच होतील. सकाळी घरात स्वप्नाची चर्चा झाली. ज्युसेप्पेला वाटले, हा मेंढपाळ होणार. आईला वाटले, कदाचित धर्मगुरू होईल. आंतोनियोने भाकीत केले की हा दरोडेखोरांचा म्होरक्या होणार. म्हणजे डॉन हा शब्द आपल्या अर्थाने पहिल्यांदा त्याच्या घरातच निघाला म्हणायचा! आजीने मात्र स्वप्नांकडे लक्ष द्यायचे नसते एवढेच सांगितले.

हे वाचताना मी थांबलो होतो. मायेची शिकवण देणाऱ्या या माणसाच्या गोष्टीची सुरुवात त्याच्या स्वतःच्या मुठीपासून होते, हे मला अपेक्षित नव्हते. तोही मारायलाच धावला होता.

जोव्हानीला शिकायचे होते. आंतोनियोचे म्हणणे, शेतकऱ्याच्या पोराला पुस्तके कशाला? भांडणे इतकी वाढली की 1828 च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, आईने बारा वर्षांच्या मुलाला कपड्यांचे गाठोडे देऊन घराबाहेर काम शोधायला पाठवले. मोलिया नावाच्या कुटुंबाच्या शेतावर तो जवळजवळ दोन वर्षे गडी म्हणून राहिला. पुढे एका म्हाताऱ्या धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवायला घेतले, तर वर्षभरात तेच वारले. किएरी गावच्या शाळेत तो दाखल झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि बाकावर शेजारी दहा-अकरा वर्षांची पोरे. राहण्या-जेवणाचा खर्च भागवायला त्याने मिळेल ते काम केले. शिंप्याकडे शिवण शिकला, लोहाराकडे घण मारला, एका कॉफीच्या दुकानात वाढप्याचे काम करून जिन्याखालच्या जागेत झोपला. लहानपणीच तो दोरीवर चालणे आणि हातचलाखीचे खेळ शिकला होता. खेळ दाखवून पोरे जमवायची आणि मग त्यांना चर्चमध्ये ऐकलेले प्रवचन सांगायचे, ही त्याची युक्ती. खेळ बघायचा तर प्रार्थनेला थांबायचे, ही अट. किएरीत त्याने मित्रांचे एक आनंदी मंडळही काढले. उदास चेहऱ्याचा चांगुलपणा त्याला कधी पटला नाही.

5 जून 1841 रोजी तोरिनो शहरात त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. इंग्रजी पुस्तकांत याच शहराला ट्युरिन म्हणतात. शहर वाढत होते, बांधकामे जोरात होती. डोंगरातून आणि खेड्यांतून मुले गवंड्यांच्या हाताखाली विटा-चुना वाहायला, धुराडी साफ करायला, गिरण्यांत राबायला येत. डॉन काफास्सो या वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी या तरुणाला तुरुंगात नेले. तिथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले किड्यांत, उपाशीपोटी पडलेली त्यांनी पाहिली. सुटलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा आत दिसायची, कारण बाहेर त्यांना विचारणारे कोणी नसायचे. बाहेर एखादा मित्र असता तर यांतली किती मुले इथे आली असती, हा प्रश्न त्यांना सोडेना.

8 डिसेंबर 1841 ची गोष्ट त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. चर्चमध्ये ते मिस्सेची तयारी करत होते. वेदीमागच्या खोलीत एक मुलगा थंडीपासून आडोसा शोधत शिरला. बार्तोलोमेओ गारेल्ली त्याचे नाव. सोळा वर्षांचा, आई-बाप नसलेला, गवंडीकाम करणारा. चर्चच्या सेवकाने त्याला मिस्सेला मदत कर म्हणून फर्मावले. त्याला ते येत नव्हते, तर सेवकाने झाडूचा दांडा घेऊन त्याला बडवत बाहेर काढले. डॉन बॉस्कोंनी आवाज चढवून सेवकाला थांबवले, तो मुलगा आपला मित्र आहे असे सांगितले आणि त्याला परत बोलावून घेतले. मिस्सा झाल्यावर त्यांनी मुलाला विचारले, वाचता येते का, गाता येते का. प्रत्येक उत्तर नाही. शेवटी विचारले, शीळ तरी वाजवता येते का. मुलगा हसला. पुढच्या रविवारी तो आणखी काही मुले घेऊन आला. सेल्सियन मंडळी आपल्या कामाची सुरुवात त्या दिवसापासून मोजतात.

मुले वाढत गेली तशी जागा पुरेना. रविवारी प्रार्थना, थोडे वाचन-लेखन आणि मनसोक्त खेळ, अशा या उपक्रमाला ऑरेटरी म्हणत. आवाजाने शेजारी वैतागत, आणि आज या चर्चमधून, उद्या त्या मैदानातून त्यांना काढून देत. नगरप्रमुखांना तर शंका आली की शेकडो कामकरी पोरे जमतात म्हणजे काहीतरी बंडाळी शिजते आहे. इतकेच नव्हे, त्यांच्या मोठमोठ्या बेतांच्या गोष्टी ऐकून काही सहकाऱ्यांना वाटले की याचे डोके फिरले. एकदा दोन धर्मगुरू बंद गाडी घेऊन आले आणि हवापालटाला चला म्हणाले. गाडी वेड्यांच्या इस्पितळाकडे जाणार आहे, हे डॉन बॉस्कोंनी ओळखले. त्यांनी आदराने त्या दोघांना आधी गाडीत बसवले, दार धाडकन लावले आणि गाडीवानाला सुटायला सांगितले. पुढे इस्पितळात त्या दोघांना आपण शहाणे असल्याचे पटवून द्यावे लागले!

शेवटी 12 एप्रिल 1846 रोजी, ईस्टरच्या दिवशी, व्हाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक शेड भाड्याने मिळाली. छप्पर इतके खाली की उभे राहता यावे म्हणून जमीन खोदावी लागली. त्याच उन्हाळ्यात अतिश्रमाने डॉन बॉस्को मरणाच्या दारी गेले. गवंड्यांच्या हाताखालची पोरे दिवसभर राबून चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करत बसली, काहींनी उपास धरले. ते वाचले आणि गावी विश्रांती घेऊन 3 नोव्हेंबरला पायी परत आले, ते आईला घेऊनच. अठ्ठावन्न वर्षांची आई मुलाबरोबर चालत शहरात आली आणि परक्यांच्या पोरांची आई झाली. इटालियनमध्ये मामा म्हणजे आई, म्हणून सगळे तिला मामा मार्गेरिता म्हणत. लग्नातली वस्त्रे विकून तिने पोरांसाठी पैसे उभे केले. एकदा पोरांनी लढाई-लढाई खेळताना तिचा भाजीचा मळा तुडवला. ती कंटाळून गावी परत निघाली. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवले. ती राहिली, आणि 1856 साली तिथेच तिने डोळे मिटले.

आपल्या बोर्डिंगच्या मुलांना रात्रीचे गुड नाइट आठवत असेल. प्रार्थनेनंतर फादर दोन मिनिटे काहीतरी सांगत आणि मगच आपण झोपायला जात होतो. त्याचे मूळ मामा मार्गेरितापाशी आहे. सुरुवातीला डॉन बॉस्कोंनी काही बेघर मुलांना माळ्यावर झोपायला जागा दिली, तर ती पहाटे पांघरुणे घेऊन पसार झाली. तरी 1847 च्या मे महिन्यात पावसात चिंब भिजलेला एक मुलगा दारात आला तेव्हा दार उघडलेच. तिने त्याचे कपडे वाळवले, गरम सूप दिले, स्वयंपाकघरात विटांवर फळ्या टाकून बिछाना केला आणि झोपण्यापूर्वी कामाबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द सांगितले. पांघरुणे चोरीला गेल्यावरही दुसऱ्यांदा दार उघडणे, हे मला सगळ्या चरित्रातले अवघड काम वाटते.

आता ज्या पानाने मला रात्रभर झोप लागू दिली नाही, त्याच्याकडे येतो. शहरातले मालक शिकाऊ पोरांना गड्यासारखे राबवत, मारत, आणि धंदा शिकवायचे टाळत. डॉन बॉस्को कामाच्या ठिकाणी जाऊन मुलांना भेटू लागले आणि पुढे मालकांशी लेखी करार करू लागले. 1852 च्या फेब्रुवारीत एका सुताराबरोबर केलेला करार आजही उपलब्ध आहे. मालकाने खरोखर धंदा शिकवायचा, धंद्याबाहेरची कामे सांगायची नाहीत, सणावारी सुट्टी द्यायची, मजुरी ठरल्याप्रमाणे वाढवायची. आणि मुलगा चुकला तर त्याला शब्दांनी सुधारायचे, हात उगारायचा नाही. त्याखाली मालकाची सही आहे, मुलाची आहे, आणि डॉन बॉस्कोंचीही.

एकशे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी एका सुताराने ज्या अटीवर सही केली, ती मी पाळली नव्हती. आणि मी तर त्यांच्याच शाळेत शिकलेला!

पुढे बाहेरच्या मालकांवर भिस्त नको म्हणून त्यांनी व्हाल्दोक्कोतच कारखाने सुरू केले. 1853 साली चांभारकाम आणि शिवणकाम, 1854 साली पुस्तकबांधणी, 1856 साली सुतारकाम, मग छापखाना आणि 1862 साली लोहारकाम. पहिल्या दिवसांत ते स्वतः तिथे बसून शिकवत. किएरीत पोट भरण्यासाठी शिकलेले धंदे असे कामी आले. आपल्या शाळेतले लेथ आणि व्हाइस त्या चांभाराच्या बाकड्याचे वंशज आहेत.

1854 साली तोरिनोत कॉलरा आला तेव्हा त्यांची चाळीसहून अधिक मुले रोग्यांच्या सेवेला उतरली, आणि त्यांतले एकही दगावले नाही. हीच मुले मोठी होत होती. काम टिकायचे तर माणसे हवीत, आणि ती त्यांना बाहेरून आणावी लागली नाहीत. त्या काळात सरकार धार्मिक संस्था बंद करत होते, मठ जप्त होत होते. सदस्यांचे नागरी हक्क कायम ठेवणारी संस्था काढा, असा सल्ला त्यांना मिळाला तो अशा कायद्यामागे असलेल्या रात्ताझ्झी या मंत्र्याकडूनच! 18 डिसेंबर 1859 च्या रात्री त्यांच्या खोलीत अठरा जण जमले. डॉन बॉस्को धरून अठरा, आणि बहुतेक विशीतले, त्यांच्याच अंगणात वाढलेले. सौम्य स्वभावासाठी प्रसिद्ध असलेले जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस दे सालेस यांच्या नावावरून संस्थेचे नाव सेल्सियन पडले. रोमची अंतिम मान्यता मिळायला 1874 साल उजाडले. तोरिनोच्या आर्चबिशपांशी तर वर्षानुवर्षे वाद चालला, आणि तो मिटवायला खुद्द पोपना मध्ये पडावे लागले. 1872 साली मारिया माझ्झारेल्लो यांच्यासह त्यांनी मुलींसाठी काम करणाऱ्या सिस्टर्सची संस्था उभी केली. 1875 साली पहिली तुकडी अर्जेंटिनाला निघाली. तिचा पुढारी काल्येरो हा एकेकाळी त्याच अंगणात हुंदडलेला पोर होता.

शिकवण्याची आपली रीत त्यांनी 1877 साली थोडक्यात लिहिली. चूक झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक होऊ नये म्हणून मुलांमध्ये राहायचे, एवढे तिचे सार. विवेक, श्रद्धा आणि जिव्हाळा हे तिचे तीन आधार. आता आठवून पाहा. मधल्या सुट्टीत आपले फादर झगा खोचून फुटबॉलच्या मागे धावत. आपल्याला वाटायचे, यांना खेळायची हौस आहे. ती हौस होतीच, पण ती त्यांची शिस्तही होती.

आणखी एक गोष्ट आपल्या सर-मॅडमसाठी मुद्दाम लिहितो. 1884 च्या मे महिन्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, डॉन बॉस्कोंनी रोमहून आपल्या व्हाल्दोक्कोच्या घराला एक पत्र धाडले. ते कौतुकाचे नव्हते. मधल्या सुट्टीत मोठी माणसे बाजूला उभी राहून गप्पा मारतात, मुले कोपऱ्यांत कंटाळून बसतात, पूर्वीचा मोकळेपणा उरला नाही, अशी त्यांची तक्रार होती. मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते प्रेम मुलांना जाणवले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. म्हणजे त्यांच्या हयातीत, त्यांच्याच घरात ही गोष्ट विसरली जात होती. ती एकदा शिकून कायमची येत नाही. मला यातून दिलासाही मिळाला आणि टोचणीही लागली.

31 जानेवारी 1888 च्या पहाटे ते गेले. 1934 च्या ईस्टरला त्यांना संत घोषित करण्यात आले. त्यांचे सेल्सियन 1906 साली भारतात तंजावरला पोहोचले आणि 1928 साली मुंबईत ताडदेवला. तिथून माटुंगा, पुढे महाराष्ट्रात आणि गोव्यात शाळा, वसतिगृहे, तांत्रिक शिक्षणाची केंद्रे उभी राहिली. वडाळ्याला रस्त्यावरच्या मुलांसाठी 1987 पासून त्यांचे शेल्टर आहे. आज जगातल्या 130 हून अधिक देशांत हे काम चालते. त्या लांबलचक ओळीत कुठेतरी आपली शाळा आहे, आणि तिच्या बाकांवर आपण.

तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. त्याच्या गावाचे नाव माहीत होते, तिकडे दोनदा जाऊन आलो. मुंबईला गेला, एवढेच कळले. त्याचा पगार पाकिटात घालून अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. त्यानंतर वर्कशॉपमध्ये नऊ मुले शिकून गेली. प्रत्येकाला घेताना एका कागदावर अटी लिहून मी आधी सही करतो, मग तो. शब्दांनी सांगायचे, हात उगारायचा नाही, ही पहिली अट. राग येत नाही असे नाही. आला की बाहेर जाऊन चहा घेतो. चहाचे बिल वाढले आहे.

सध्या दोन मुले शिकत आहेत. संमेलनाला त्यांना घेऊन येणार आहे, समितीने दोन ताटे जास्त धरावीत. आपले जुने वर्कशॉप त्यांना दाखवायचे आहे. खिडकीजवळचा तो व्हाइस अजून असेल तर सरांनी त्या दिवशी खोली उघडून ठेवावी ही विनंती. आम्ही साडेनऊपर्यंत पोहोचू. पुतळ्यापाशी भेटू.